मिस्त्रींचे कान

शिलाई मशीन दुरुस्त करणारे मिस्त्री कधीही मशीन आधी उघडत नसत. आधी ते चालवायला लावत, शेजारी स्टुलावर बसत, डोळे मिटत आणि मिनिटभर ऐकत. मग सांगत, "सुई वाकडी आहे," किंवा "बॉबिनखाली धाग्याचा गुंता अडकलाय." नव्या गिऱ्हाइकाला वाटे, हा माणूस डुलकी काढायला आलाय. पण मिस्त्री चुकत नसत. चाळीस वर्षांत फक्त दोनदा चुकले, आणि त्यातही एकदा चूक मशीनची होती, असं त्यांचं म्हणणं.

कानांनी साथ दिली, गुडघ्यांनी दिली नाही. मशिनं नेमकी तिसऱ्या मजल्यावरचीच का बिघडतात, हे कोडं त्यांना कधी सुटलं नाही. डॉक्टरांनी जिने बंद सांगितले आणि मिस्त्री घरी बसले. दोन महिने ते खिडकीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे दोष सांगत होते. कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी सून पुढे झाली. ती घरूनच ऑफिसचं काम करायची, दिवसातून चार-चार मीटिंगा कॉम्प्युटरवर. तिने सासऱ्यांचं नाव एका ऑनलाइन दुरुस्ती सेवेत घातलं. गिऱ्हाइकाने तिथे आपली अडचण लिहायची, मशीनचा फोटो टाकायचा, वेळ निवडायची. त्या वेळी मिस्त्री सुनेच्या कॉम्प्युटरवर समोर हजर. सुटा भाग लागला तर तिथल्या तिथे मागवायचा, तो घरपोच गेला की कसा बसवायचा ते पुन्हा समोरासमोर सांगायचं.

"फोटो बघून कुणी मशीन दुरुस्त केलंय का?" मिस्त्री कुरकुरले.

"बाबा, नुसता फोटो नाही. चालू मशीन दिसतं, आवाज येतो."

आवाज येतो म्हटल्यावर ते बसले. पूर्वी दिवसाला तीन घरं व्हायची, आता बसल्या जागी दहा व्हायला लागली. गुडघे खूश होते.

पहिल्याच बाईंनी मशीन चालवलं. मिस्त्रींनी डोळे मिटले. काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडून पाहिलं, तर पडद्यावर चाक गरगर फिरतंय, सुई वरखाली होतेय. पुन्हा मिटले. चिडीचूप.

"आलं का लक्षात, काका?" बाईंनी विचारलं.

"आलं," मिस्त्री म्हणाले. "तेल द्या."

त्या दिवशी दहाही मशिनांना तेल मिळालं. मिस्त्रींचा चेहरा असा, की जणू सगळं शास्त्र तेलावरच उभं आहे. निम्मी मशिनं तेलाने सुधारलीसुद्धा. मशिनं बिचारी भोळी असतात.

मिस्त्रींनी मनाशी निकाल लावून टाकला: कान गेले. हे सांगायचं कुणाला? कानांशिवाय मिस्त्री म्हणजे हातात पाना धरलेला एक म्हातारा, बाकी काही नाही. खरं-खोटं करायला लांब जायची गरज नव्हती. आतल्या खोलीत बायकोचं मशीन होतं. तिथे मिनिटभर बसले असते तर कळलं असतं. म्हणूनच ते बसत नव्हते. ती कापड घेऊन आत निघाली की हे गॅलरीत, दार ओढून. परीक्षेलाच बसलं नाही तर नापास कोण करणार?

बायकोचंही अलीकडे काहीतरी बिनसलं होतं. "चहा ठेवलाय!" असं ओरडायची की शेजारचे दचकायचे. आपण दिवसभर घरात असतो म्हणून ती वैतागली असणार, असं धरून मिस्त्री गुपचूप चहा प्यायचे.

पंधराव्या दिवशी एक बाई रडकुंडीला आल्या. "काका, इतकं कडाडतंय की खालच्या मजल्यावरचे भांडायला आलेत."

"तेल द्या."

"तीनदा दिलं! तुम्हाला ऐकू येतंय ना?"

"परत लावतो," म्हणून मिस्त्रींनी कॉल बंद केला आणि स्वयंपाकघरात गेले. सून पाठमोरी उभी राहून भांडी विसळत होती.

"माझं नाव काढून टाक त्यातून," ते पुटपुटले.

"का हो बाबा?"

"माझे कान गेले."

"मी पाठमोरी, नळ धो-धो चालू, तरी माझं ऐकू आलं की तुम्हाला."

"माणसांचं येतं. मशीनचं येत नाही."

सुनेने नळ बंद केला आणि जीभ चावली.

तिच्या मीटिंगमध्ये सासूबाईंच्या मशीनची खडखड जायची. म्हणून तिने कॉम्प्युटरला कधीच बजावून ठेवलं होतं: माणसाचं बोलणं ठेव, बाकी सगळा आवाज काढून टाक, इकडचाही आणि तिकडचाही. तो इमानदारीत रोज दहा घरं झाडून काढत होता.

तिने कॉम्प्युटरवर त्या सूचनेसमोरची बरोबरची खूण काढून टाकली. मिस्त्रींनी बाईंना परत कॉल लावला, डोळे मिटले. कडाड्‌कड, कडाड्‌कड! मागे कुत्रं भुंकत होतं, खालचे अजून भांडत होते.

"शटलची कडा झिजलीय," मिस्त्री म्हणाले. "नवं मागवतो. आणि बाई, तेलाचं माझं चुकलं."

मग ते रडले. तेलकट फडक्याने डोळे पुसले, त्यामुळे आणखी रडले.

आतल्या खोलीत बायको शिवत होती. मिस्त्री स्टूल घेऊन शेजारी जाऊन बसले. तिने वर पाहिलं नाही.

"मागचा स्क्रू सैल झालाय," ते थोड्या वेळाने म्हणाले.

तिचा पाय थांबला. "पंधरा दिवस झाले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मीच सैल केलाय. असला आवाज आला की कुठूनही धावत येता ना तुम्ही. आला नाहीत, म्हणून मग ओरडायला लागले."

हे ती अगदी हळू आवाजात बोलली.