पापडीतलं घर

पाचवीच्या वर्गाला नकाशावर तापी दाखवत होते, तेव्हा शाळेचा शिपाई सांगत आला की हेडमास्तरांच्या खोलीत माझ्यासाठी फोन आहे. फोनवर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी निकमभाऊ होते. आमचे वॉचमन जिभाऊ सकाळी दवाखान्यात वारले, असं त्यांनी सांगितलं, आणि लगेच विचारलं की गेटजवळची खोली आज धुऊन घ्यायची की उद्या, कारण नवा वॉचमन परवापासून येतोय. मी म्हटलं, उद्या घ्या. मग वर्गात परत गेले आणि तास पूर्ण केला. त्याला आता सात आठवडे झाले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जिभाऊंबद्दल बरंच चांगलं लिहीन आणि वाचणाऱ्याला वाटेल की मी त्यांच्या फार जवळची होते.

जिभाऊ अमळनेरकडचे. पस्तिशीत बायकोला गावी ठेवून सुरतेला आले, पण आमच्या खानदेशी माणसांसारखे लूमवर गेले नाहीत. लिंबायतच्या पुढे तेव्हा सगळी शेतीच होती. तिथल्या छगनकाका नावाच्या शेतकऱ्याकडे ते सालदार म्हणून राहिले. पापडी म्हणजे वालाच्या शेंगा, वांगी, थोडा ऊस, खालच्या अंगाला भात. वीस वर्षं त्यांनी ती जमीन केली. मग सुरत सरकत सरकत तिथवर आली, छगनकाकांच्या मुलांनी जमीन बिल्डरला दिली आणि ते शहरात फ्लॅटमध्ये राहायला गेले. जाताना बैल विकले, इंजिन विकलं. जिभाऊंचं काय करायचं, हे कोणाला सुचलं नाही. बिल्डरने त्यांनाच प्लॉटवर राखणीला ठेवलं, आणि सोसायटी उभी राहिल्यावर ते आम्हाला घरांबरोबर मिळाले… नळ आणि गेट मिळावं तसे.

आम्ही राहायला आलो तेव्हा माझे मिस्टर पांडेसऱ्याला कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये सुपरवायझर होते आणि मला म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत लागून दोन वर्षं झाली होती. चौदा नंबरचं रो-हाऊस घेतलं. सामानाचा टेम्पो गेटात शिरला तेव्हा एक उंच, वाकलेला माणूस पुढे आला, त्याने नंबर न विचारताच आमचं घर दाखवलं आणि म्हणाला, "या बाई. तुमनं घर पापडीमा शे. चांगली जागा शे." आम्ही हसलो. नंतर कळलं की त्यांच्या डोक्यात सगळी सोसायटी अशीच मांडलेली होती. पहिली ओळ वांग्यात, आमची पापडीत, मागची भातात. पाहुणा आला की ते त्याला बोटाने दाखवून सांगायचे, वांग्यातलं तिसरं घर. मला ते कायम पापडीमानी बाई म्हणत. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची, माहेरी पत्रातही लिहिलं होतं.

गंमत संपली ती निकमभाऊंच्या मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा. निकमभाऊ बँकेत होते, धुळ्याकडचे, आणि त्यांचं घर सोसायटीत सगळ्यांत मोठं. पाहुण्यांनी गेटवर निकमसाहेबांचं घर विचारलं. जिभाऊंनी मनात काही न ठेवता सांगितलं, "उकिरडावर." छगनकाकांचा उकिरडा तिथेच होता, त्यात जिभाऊंचा काय दोष. पण लग्न जमलं नाही, आणि त्याचं खापर त्या एका शब्दावर फुटलं. पुढच्या मीटिंगमध्ये ठराव झाला की वॉचमनने घरांचे नंबरच सांगायचे, शेतीतलं काही बोलायचं नाही. गंमत अशी की त्या मीटिंगला बसलेल्या प्रत्येकाच्या बापाने कुठे ना कुठे नांगर धरलेला होता. आम्ही तेच मागे टाकून इथे आलो होतो, आणि हा माणूस रोज गेटवर उभा राहून आमच्या पायाखालची माती आम्हाला सांगत होता.

जिभाऊंना अंक वाचता येत नव्हते. मी शिक्षिका, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. रविवारी दुपारी ते आमच्या ओट्यावर पाटी घेऊन बसायचे. साठीला आलेला माणूस, बोटं कुदळीच्या दांड्याला सरावलेली, त्यांच्यात पेन्सिल राहायची नाही. मी त्यांच्याशी माझ्या वर्गातल्या पोरांशी बोलते त्याच आवाजात बोलायचे. हे घर कितवं? ते म्हणायचे, पापडीमानं… की मी पाटी काढून घ्यायचे आणि सांगायचे, पापडी म्हणायचं नाही, चौदा म्हणा. वीस वेळा म्हणा. ते वीस वेळा म्हणायचे. एकदा माझ्या मिस्टरांनी आतून सांगितलं, अगं, जरा हळू. मी म्हटलं, शिकवायचं तर असंच शिकवावं लागतं. दोन महिन्यांत ते तयार झाले. गेटवर कोणी विचारलं की मान खाली घालून नंबर सांगायचे. मला त्याचं समाधान वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा आम्ही सगळे कुलपं लावून आपापल्या गावी पळालो. जिभाऊ एकटे मागे राहिले. परत आलो तेव्हा एकाही घराचं कुलूप हललं नव्हतं, तरी चार दिवस आम्ही त्यांना कोणाच्या ओट्यावर चढू दिलं नाही, कारण ते त्या हवेत राहिले होते.

यंदाच्या पावसाळ्यात सोसायटीत पाणी तुंबलं. दोन दिवस ते उतरेना. गटाराचं, संडासाचं सगळं एक झालेलं, त्यावर मेलेले उंदीर तरंगत होते. तेव्हा निकमभाऊंना जिभाऊंचं जुनं बोलणं आठवलं की भाताचं पाणी खाडीत सोडायला छगनकाकांच्या शेतात एक जुनी मोरी होती. ती कुठे बुजली हे फक्त जिभाऊंनाच माहीत असणार. ज्या माणसाला शेत बोलायला बंदी होती, त्याला आम्ही शेत विचारायला गेलो. जिभाऊ छातीएवढ्या पाण्यात उतरले. पूर्ण दोन दिवस, सकाळपासून अंधार पडेपर्यंत, पायाने चाचपत आणि पहारीने खोदत होते. आम्ही गॅलरीतून पाहत होतो, चहा दोरीने खाली सोडत होतो. त्यांच्या टाचांना भेगा होत्या, त्या एरवी सगळ्यांना दिसायच्या. दुसऱ्या संध्याकाळी मोरी सापडली आणि पाणी ओढल्यासारखं निघून गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिभाऊ गेटजवळ बसले, आणि मला म्हणाले, "बाई, मोरी जठे व्हती तठेच शे." इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आठवड्याभरात ताप आला. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की उभं राहता येईना. डोळे लाल झाले. कमिटीने ठरवलं की बाईंना सुट्टी आहे, बाईंनी दवाखान्यात न्यावं. तिथे एक तरुण गुजराती डॉक्टर होता. त्याने नीट तपासलं, पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि विचारलं, "खेतरमां काम करो छो, काका?" उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा हा ताप त्या भागात भातशेतीत राबणाऱ्यांना होतो, हे मला नंतर समजलं. जिभाऊंनी आधी माझ्याकडे पाहिलं. ओट्यावर पाटी हातात असताना पाहायचे, अगदी तसं. मग म्हणाले, "शेत नही साहेब. सोसायटी शे."

मी मान हलवली. हो, वॉचमन आहेत, आमची सोसायटी आहे, आता इथे कुठली शेती. मला त्या क्षणी बरं वाटलं होतं… धडा पाठ झाला होता. दोन दिवसांच्या पाण्याचं मी बोलले नाही. मेलेल्या उंदरांच्या पाण्यात आम्ही एका म्हाताऱ्याला उतरवलं, हे त्या स्वच्छ टेबलासमोर सांगायची मला लाज वाटली. डॉक्टरने तापाच्या गोळ्या दिल्या आणि उतरला नाही तर परत या म्हणून बजावलं. चौथ्या दिवशी परत नेलं तेव्हा डोळे पिवळे झाले होते आणि लघवी बंद होती. तोच डॉक्टर होता. त्याने या वेळी मला बाजूला घेऊन विचारलं, पाण्यात, चिखलात उतरले होते का? मी हो म्हटलं. किती वेळ? दोन दिवस. तो म्हणाला की हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. त्यानंतर जिभाऊ तीन दिवस होते. मी रोज जायचे. शुद्धीत असले की मला ओळखायचे आणि ओळखल्याची खूण म्हणून म्हणायचे, चौदा.

दहाव्याला मी अमळनेरकडे त्यांच्या गावी गेले. त्यांची बायको माझ्यापेक्षा लहानखुरी, वर्षातून एकदा नवरा पाहिलेली बाई. तिने विचारलं, काय झालं होतं. मी म्हटलं, ताप. तिने माझे हात धरले आणि म्हणाली, "तुम्ही त्यासले सांभायं, बाई." तिच्या घरी मी जेवून आले.

सोसायटीच्या मधोमध एक मोकळं मैदान आहे. आमच्या ओळीतून गेटकडे जायला ते सरळ ओलांडलं की झालं. पण तिथली पाऊलवाट सरळ नाही. ती आधी उजवीकडे जाते, मग काही कारण नसताना काटकोनात वळते, आणि पुन्हा एकदा वळून गेटला लागते. जिभाऊंनी ते मैदान कधी सरळ ओलांडलं नाही. जिथे बांध होते तिथूनच चालायचे, पिकात पाय पडू नये म्हणून. त्यांच्या चालण्याने गवत मेलं, वाट पडली आणि मग आम्ही सगळेच तिथून चालू लागलो. नवा वॉचमनही तिथूनच चालतो. मी शाळेत जाते तेव्हा माझे पाय आपोआप दोनदा वळतात. दिवाळीनंतर तिथे फरशा बसवून सरळ रस्ता करायचं कमिटीने ठरवलं आहे. ठरावाचा कागद घरोघर फिरला. चौदा नंबरसमोर माझी सही आहे.