तार अडकली होती

हे मी सुनंदाला सांगितलं नाही. बत्तीस वर्षं संसार केला आम्ही, माझ्या शर्टाचं कुठलं बटण सैल झालंय ते बायकोला माझ्याआधी कळायचं — पण हे तिला कळू दिलं नाही. ती जाऊन चार वर्षं झाली. मुलगा बंगळूरला असतो, त्यालाही नाही सांगितलं. देवापुढे हात जोडले की मी भलतंच काहीतरी मागत बसायचो. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. फक्त मध्ये थांबवू नका. थांबलो तर पुन्हा सुरू करीन याची खात्री नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मी तापट माणूस आहे. म्हणजे भांडी फेकणारा तापट नव्हे — तसा असतो तर बरं झालं असतं. माझा राग आत जातो आणि तिथं बसून राहतो. आई म्हणायची, हा बोलत नाही तेव्हा याला घाबरावं. आम्ही हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं?

तर — नोएडा. पुण्याहून मी इथे आलो तेव्हा सेक्टरांना नंबर होते, रस्ते नव्हते. परदेशी कंपन्या यायला लागल्या होत्या, मी एका नव्या फॅक्टरीत इंजिनिअर, कंपनीचा फ्लॅट, गच्चीवरून मोहरीची शेतं दिसायची. कॉलेजात एनसीसीमध्ये रायफलचं वेड लागलं होतं, ते इथे परत उफाळलं. हिंडन नदीच्या पलीकडे एक रायफल क्लब होता. रीतसर परवाने, रजिस्टर, सगळं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

मोठ्या रायफलीच्या गोळ्या तेव्हा मिळायच्या नाहीत. बाहेरून यायच्या, त्यासुद्धा वर्षाला मोजून. मग काय करायचं? गोळी सुटली की मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते, ती बंदुकीची दारू आणि शिसं घालून पुन्हा भरायची. आणि पुंगळ्या विकायचा रामफल. रेंजवर टार्गेटं बदलणारा, चाळिशीचा, किडकिडीत माणूस. इकडून तिकडून गोळा केलेल्या पुंगळ्या तो दर रविवारी एका पोत्यावर ओतायचा आणि आम्ही मोठमोठे साहेब लोक उकिडवे बसून मंडईत भेंडी निवडावी तशा त्या निवडायचो.

भेंडीचं शेपूट मोडून बघतात ना? तशी माझी तार होती. सायकलच्या स्पोकची, टोकाला बारीक वाकवलेली. पुंगळी पुन्हा पुन्हा वापरली की तळाच्या जरा वर पितळ आतून झिजतं, तिथे खाच पडते. बाहेरून काही दिसत नाही, चकाचक. पण तार आत घालून हळूच वर ओढली की त्या खाचेत टोक अडकतं — बोटाला कळतं. अशी पुंगळी कधीतरी फाटते. आणि फाटली की जी आग पुढे जायची ती मागे येते, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर. हे मी क्लबातल्या प्रत्येकाला घोकून घोकून शिकवलं होतं. तार अडकली की पुंगळी तिथल्या तिथे हातोडीने चपटी करायची, म्हणजे चुकूनही परत कोणाच्या डब्यात जायला नको. हा माझा नियम. बॅगेत हातोडी कायम. सगळे मला डॉक्टरसाब म्हणायचे. आधी चेष्टेने, मग खरंच.

देवेंदर त्यातलाच. जवळच्याच गावचा. त्याच्या जमिनीवर सेक्टर उठले, घरावर संगमरवर चढला आणि हा पठ्ठ्या नवी कोरी रायफल घेऊन क्लबात आला. धरायची कशी तेही माहीत नव्हतं. मी शिकवलं. श्वास कुठे सोडायचा, ट्रिगर कसा दाबायचा. दोन वर्षांत तो माझ्या पुढे गेला. नुसता पुढे नाही — माझं कार्ड त्याच्या कार्डाशेजारी लावायची लाज वाटेल इतका पुढे. मनाने मोठा, मोठ्याने हसणारा, पाठीत थाप मारणारा माणूस. खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा.

राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. आमच्या क्लबातून एकच जाणार होता.

चाचणीच्या आधीच्या गुरुवारी त्याच्या घरी कुआँ पूजन होतं. मूल झालं की त्यांच्याकडे बाई वाजतगाजत विहिरीची पूजा करायला जाते. पण मुलगा झाला तरच. देवेंदरला मुलगी झाली होती आणि म्हाताऱ्यांचं न ऐकता त्याने तिचं कुआँ पूजन घातलं होतं. विहीर तर केव्हाच बुजवून वर दुकानं झाली होती, म्हणून हापशालाच हळदकुंकू वाहिलं. ढोल, जेवण, दोनशे माणसं. सुनंदा बायकांत बसली होती. देवेंदरने माझ्या खांद्यावर हात टाकला, मला मधोमध नेलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, “ये हैं मेरे गुरु! डॉक्टरसाब! पीतल की नब्ज़ पकड़ते हैं।” टाळ्या झाल्या. आणि मग हसत हसत म्हणाला, “बस, निशाना नहीं लगता बेचारों का।”

एवढंच. दोनशे माणसं हसली. मीही हसलो. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मी हसत होतो, जिलेबी खात होतो. बेचारा! घरी येताना सुनंदा म्हणाली, किती मान देतात हो तुम्हाला. मी गाडी चालवत राहिलो.

शनिवारी दुपारी मी गच्चीवर बसलो होतो. देवेंदरसाठी पन्नास पुंगळ्या तपासून निवडायच्या होत्या. भरायचं काम तो स्वतः करायचा, पण पितळ माझ्या हातातून गेल्याशिवाय घ्यायचा नाही. ऊन होतं. ट्रान्झिस्टर चालू होता. समोर पुंगळ्यांचा ढीग, एकीकडे त्याचा डबा, एकीकडे वीट आणि हातोडी. चार-पाच बाद झाल्या, चपट्या केल्या. डब्यात एकोणपन्नास झाल्या होत्या. पुढची घेतली.

तार अडकली.

मी पुन्हा ओढली. पुन्हा अडकली. इतकी खोल खाच मी वर्षभरात बघितली नव्हती — नखाएवढी जागा झिजलेली, पार गेलेली केस. हातोडी उजव्या हाताला होती. मी ती उचललीसुद्धा. आणि खाली ठेवली. पुंगळी डब्यात टाकली, झाकण लावलं.

बघा — आलंच ना तोंडातून शेवटी. इतकं सोपं होतं.

मनाशी काय म्हणालो तेही सांगतो. म्हणालो, एक गोळी वाया जाईल, बिचकेल, चार गुण जातील, जरा जिरेल त्याची. हे मी म्हणालो. पण मला माहीत नव्हतं का? मीच तर शिकवत होतो सगळ्यांना! आग कुठे येते, डोळा कुठे असतो, सगळं मला पाठ होतं. तेव्हा चुकून झालं, रागाच्या भरात झालं, असलं काही मी म्हणणार नाही. गुरुवारचा राग होता तो, शनिवारपर्यंत चांगला थंड झालेला.

रविवारी सकाळी चाचणी. देवेंदर माझ्या शेजारच्याच जागेवर पालथा झोपला होता. त्याचे दोन थोरले भाऊ आणि धाकटे चुलतभाऊ मागे खुर्च्यांवर. पन्नास गोळ्या, त्यातली एक ती. कितवी, ते देवालाच ठाऊक. त्याची एकेक गोळी सुटायची आणि मी मोजायचो. दहा झाल्या. वीस झाल्या. मी उठून म्हणू शकत होतो — अरे थांब, एक डबा बदलायचा राहिला. कोणी काही विचारलं नसतं, डॉक्टरसाबना कोण विचारणार? पाऊण तास, अहो, पाऊण तास होता माझ्याकडे. आणि त्या पाऊण तासात मी काय केलं सांगू? मी माझे नेम धरले. त्या दिवशी माझे नेमही चांगले लागत होते.

पस्तिसावी.

आवाज वेगळा आला. नेहमीचा कडाका नाही, फाटका, जवळचा. मग किंकाळी. मी वळलो तर देवेंदर गुडघ्यांवर उठला होता, दोन्ही हात तोंडावर, आणि बोटांमधून रक्त नुसतं वाहत होतं. गालाचं मांस उघडं पडलं होतं, आत दात दिसत होते. उजव्या डोळ्याच्या जागी — नको. मला ते आजही दिसतं, तुम्हाला कशाला दाखवू? सतरंजीवर रक्ताचं थारोळं झालं. जळलेल्या दारूचा आणि केसांचा वास. आणि तो आंधळ्यासारखा चाचपडत कोणाला हाका मारत होता? आईला नाही, भावांना नाही. “डॉक्टरसाब! डॉक्टरसाब, कहाँ हो!” मी त्याचा हात धरला. त्याने माझं मनगट असं आवळलं की चार दिवस बोटांचे वळ होते.

त्याला गाडीत घालून धाकटे चुलतभाऊ दवाखान्याकडे सुटले. थोरले दोघे तिथेच राहिले. एकाने फुटलेल्या रायफलीतून पितळेचा तुकडा काढला आणि माझ्यापुढे धरला. “पीतल ख़राब था?”

मी म्हणालो, “हाँ।”

“आपने देखा नहीं था?”

आता बघा. इथे अजून एक दार उघडं होतं. माझी जीभ टाळूला चिकटली असती तरी चाललं असतं, गप्प राहिलो असतो तरी थोडा कमी पापी ठरलो असतो. पण माझी जीभ छान चालली. मी म्हणालो, “देखा था। सब ठीक था। बाद में इसने बदला होगा।” आणि रामफलकडे बोट केलं. नुसतं बोलून भागलं नाही, बोट केलं.

रामफल त्या सकाळी डब्याच्या जवळसुद्धा आला नव्हता. तो पाण्याची बादली घेऊन रक्त धुवायला धावत येत होता. पहिली लाथ बसली तेव्हा बादली लांब उडाली. मग पट्टे, बूट, लाकडी टार्गेटची फळी. फळी त्याच्या पाठीवर मोडली. क्लबातले सगळे साहेब बघत होते, एकही पुढे झाला नाही. तो ओरडत होता की साब, मैंने कुछ नहीं किया, साब से पूछो. तो साहेब म्हणजे मी. मग त्यांनी त्याचा उजवा हात सिमेंटच्या कट्ट्यावर दाबून धरला. जाडजूड भावाने इकडेतिकडे बघितलं. माझी बॅग उघडी होती.

हातोडी माझीच. पुंगळ्या चपट्या करायची.

पाच वेळा मारली. मी मोजली. तिसऱ्यानंतर रामफल ओरडायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं. कसं ते विचारू नका, पण माझ्याइतकंच त्याला कळलं होतं. आणि तरी तो बोलला नाही; बोलून काय होणार होतं? मी नजर वळवली. दूरवर टार्गेटं तशीच उभी होती.

पोलिसांत कोणी गेलं नाही. भावांनी नको म्हटलं, क्लबाने नको म्हटलं, आणि रामफलला कोणी विचारलं नाही. तो बुलंदशहरकडच्या आपल्या गावी निघून गेला म्हणतात. गावाचं नाव मला माहीत नाही. शोधलं असतं तर सापडलं असतं. मी शोधलं नाही.

पुढच्या रविवारी चाचणी पुन्हा झाली. मी उतरलो आणि निवडला गेलो. गेलोही.

देवेंदरचा डोळा गेला. महिनाभर मी रोज दवाखान्यात जायचो, सुनंदाच्या हातचा वरणभात घेऊन. लोक म्हणाले, माणूस असावा तर असा. देवेंदरने पुन्हा रायफलला हात लावला नाही. प्लॉटच्या धंद्यात पडला, भरभराट झाली. एकही दिवाळी अशी गेली नाही की तो मिठाई घेऊन आला नाही. काचेचा डोळा तसाच बघत राहायचा, दुसरा हसायचा. रामफलचं नाव निघालं की शिवी द्यायचा. मी पाणी आणायला आत जायचो.

आणि त्याची ती मुलगी — जिच्यासाठी हापशाला हळदकुंकू वाहिलं ती — मोठी झाली. गणपतीत आमच्या घरी मोदक खात मोठी झाली. आता ती रायफल चालवते. बापासारखा हात आहे, श्वास अगदी बरोबर जागी सोडते. मागच्या मंगळवारी दुपारी ती आली. हातात डबा. म्हणाली, “अंकल, मॅच है। पापा बोले, जिस पीतल पर डॉक्टरसाब का हाथ न फिरा हो, वो मत लेना।” आणि खिशातून तार काढून माझ्यासमोर ठेवली. माझीच. स्पोकची. कधीतरी माझ्याकडून मागून नेलेली, देवेंदरने जपून ठेवली होती.

मी तपासल्या. एकेक करून पन्नास, प्रत्येक दोनदा. वेळ लागत होता, ती म्हणाली, चहा करू का? तीन पुंगळ्यांत तार अडकली. मी त्या तिच्या हातात दिल्या, म्हटलं, आत्ताच्या आत्ता माझ्यासमोर चपट्या कर. तिने हातोडी मागितली. माझ्या घरात हातोडी नाही, त्या रविवारपासून मी ठेवलेली नाही. मग तिने वरवंटा आणून फरशीवर तिन्ही चपट्या केल्या, जोर लावून, हसत हसत. मी खुर्चीवर बसून बघत होतो. तोंडाशी आलं होतं. ती समोर होती, घरात दुसरं कोणी नव्हतं.

नाही सांगितलं.

निघताना ती दारात वळली. त्यांच्याकडे मुलींना कोणाच्या पाया पडू देत नाहीत, मुलगी देवीसारखी म्हणतात. देवेंदर तर तिला कोणापुढे वाकू देत नाही. पण आमच्या घरातलं बघून तिने उचललं होतं. “आप लोगों में तो करते हैं ना,” म्हणाली. वाकली, आणि दोन्ही हातांनी माझ्या पायांना हात लावला.

मी लावू दिला.