जबल अख्दरवरच्या निलगिरी

जनार्दन परब डोंगरावर गेला तो उन्हाला कंटाळून. ओमानमध्ये, मस्कतच्या अल हैल भागातल्या बंगल्यांमधली लॉन सांभाळण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. सकाळी पाणी मारायचं, दुपारपर्यंत माती भाजून निघायची, संध्याकाळी पुन्हा पाइप हातात. त्यातल्याच एका बंगल्याचे मालक नुमान, निवृत्त इंजिनियर, एकदा त्याला म्हणाले, "जनार्दन, ऊपर चलेगा? जबल अख्दर. उधर ठंडा है." कुडाळच्या या माळ्याने पुढचं काही विचारलंच नाही. पगार किती नाही, काम काय नाही. थंड आहे, एवढं त्याला पुरलं.

वर सैकच्या पठारावर नुमानांचं दगडी घर होतं. तरुणपणी ते ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला शिकायला होते. तिथल्या थंड डोंगरांतल्या उंच, पांढुरक्या खोडांच्या निलगिरी त्यांच्या मनातून गेल्या नव्हत्या. बायको वारल्यावर त्यांनी ठरवलं की तीच झाडं इथे लावायची. तिकडच्या एका जुन्या मित्राने बिया पाठवल्या.

"अर्बाब, निलगिरी तो हमारे उधर रस्ते पे ऐसेही उगती है," जनार्दन म्हणाला. मालकाला तो तिकडच्या रीतीने अर्बाब म्हणे.

"वो अलग. ये ठंडवाली है. बर्फ में खडी रहती है."

पेरण्याआधी या बियांना थंडीत ठेवावं लागे. ओल्या वाळूत मिसळून त्यांची डबी फ्रीजमध्ये दह्याशेजारी जाऊन बसली. शाहबाज हा घरचा ड्रायव्हर आणि स्वयंपाकीही, पेशावरकडचा. तो डबी बघून वैतागला. "जनार्दनभाई, मैं खाना कहाँ रखूँ? बीज को भी सर्दी खिलाते हो?"

रोपं उगवली. उन्हाळाभर जनार्दनने त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं. पावलाएवढी झाल्यावर त्याने ती घराच्या कडेने ओळीत लावली आणि थंडी येण्याआधी अंगात जोर असावा म्हणून शेळीचं खत घालून भरपूर पाणी पाजलं. तिथेच चुकलं. खताने कोवळे लुसलुशीत फुटवे आले, आणि पहिल्याच गोठलेल्या दहिवरात ते काळे पडले. सकाळी तो बाहेर आला तेव्हा रोपं उकडलेल्या पालेभाजीसारखी माना टाकून पडली होती. तो तिथेच दगडावर बसला. नुमान शाल गुंडाळून बाहेर आले, बघत उभे राहिले. ओरडले नाहीत.

"खलास," ते म्हणाले. "फिरसे."

दुसऱ्या खेपेला त्याने उन्हाळा उतरताच खत बंद केलं, पाणी तोडलं, रोपं आधीपासून उघड्यावर ठेवून कणखर केली. ती टिकली. पण टिकली म्हणजे सुटका झाली असं नाही. डोंगरावरच्या वाऱ्याने ती कलंडत. काठीला घट्ट बांधावीत तर खोड स्वतःचं बळ धरत नसे. सैल बांधावीत तर पुन्हा पुन्हा जाऊन बघावं लागे. चुनखडीच्या मातीत पानं पिवळी पडत. मग त्यांना लोहाचं औषध आणायचं, ते डोंगराखालून शाहबाजच्या गाडीने यायचं. थंडीत बोटं फुटत, गुडघा आखडे. घामाला कंटाळून आलेला माणूस आता दोन स्वेटर घालून आळी करत होता. मुलीच्या, यशश्रीच्या लग्नाला तो गेला आणि मांडवाचे खांब उतरायच्या आत परतला, कारण थंडी तोंडावर होती.

"तुमी कदी येतलास?" बायको, शीला, फोनवर विचारी.

"ही झाडां जरा मोठी होवंदेत."

"लहान पोराचां बरां असता. ता शाळेत तरी जाता."

झाडं मोठी झाली. घराच्या दुप्पट उंच. खोडांची साल लांब पट्ट्यांनी सोलून खाली लोंबू लागली आणि आतून फिकट हिरवं, गुळगुळीत अंग दिसू लागलं. शहरातून आलेले पाहुणे फोटो काढत. नुमान मात्र आता फारसे वर येत नसत. हृदयाचं दुखणं सुरू झाल्यापासून ते मस्कतलाच मुलाकडे होते.

मग लागोपाठ दोन हिवाळे पाऊस आला नाही. झऱ्याचं पाणी वाटत नेणारा गावाचा पाट, ज्याला इथे फलज म्हणतात, करंगळीएवढा वाहू लागला. घराच्या खाली, उतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत शेजारच्या कासमचाचांची डाळिंबांची बाग होती. एका सकाळी म्हातारे कासमचाचा काठी टेकत वर आले, कॉफी प्याले, खजूर खाल्ला आणि मग म्हणाले, "जनार्दन, मेरा पानी आधे रस्ते में गुम होता है. साथ चल."

दोघांनी मिळून पाटातला गाळ काढला. निलगिरीच्या ओळीखाली गिलावा तडकला होता. जनार्दनने एक खपली उचलली. आत तांबूस, केसाळ मुळांची जाड गादी भिजत पडली होती. त्याच्याच झाडांची मुळं. कासमचाचा वाकून पुन्हा गाळ उपसू लागले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं जनार्दनला वाटलं.

त्याने मस्कतला फोन केला. नुमानांनी सगळं ऐकलं. "मैं आता हूँ," एवढंच म्हणाले.

मुलगा त्यांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आला. ते ओळीखाली बसून राहिले. वाऱ्याने वर सळसळ होत होती. मुलगा म्हणाला की पाटाच्या भेगा सिमेंटने बुजवू, झाडं कशाला तोडायची?

"सिमेंट भी फोडेगा," नुमान म्हणाले. मग जनार्दनकडे वळले. "तू बोल."

जनार्दनला बोलायची इच्छा नव्हती. इतकी वर्षं त्याने करायचं ते केलं होतं. ठरवणं त्याचं काम नव्हतं. पण सगळे थांबले होते. "पाट की तरफवाली काटनी पडेगी, अर्बाब. पीछे की तीन रहने दो. वो दूर है."

नुमानांनी एका खोडावर हात ठेवला आणि मान हलवली.

करवत चालली तेव्हा सगळ्या अंगणात औषधी वास भरला. जनार्दन रडला नाही. झाडं एकामागून एक आडवी होत गेली आणि त्याला फक्त दमल्यासारखं वाटत राहिलं, जणू ती त्यानेच खांद्यावर धरून ठेवली होती. तेवढ्याने संपलं नाहीच. बुंध्यांना पुन्हा कोंब फुटले, आणि तो उन्हाळाभर वाकून ते खुडत राहिला. खुडलेल्या जागी नवे येत.

पुढे पाऊस झाला, पाट वाहता झाला. झाडं तोडल्याने की पावसाने, कोण सांगणार? कासमचाचा डाळिंबांची टोपली घेऊन आले. "बारिश की भी गलती थी," ते म्हणाले. माफीच होती ती, बहुधा. जनार्दनने एक डाळिंब तिथेच फोडून त्यांना अर्धं दिलं.

वसंतात, पठारावरच्या बागांत गुलाब खुडायच्या दिवसांत त्याने नुमानांना फोनवर सांगितलं की आता होत नाही, घरी जातो. मागच्या तीन झाडांना कुणाची गरज राहिली नव्हती. ती आपापली उभी होती. नुमानांनी अडवलं नाही. शाहबाजने त्याला विमानतळावर सोडलं आणि वाटेत नेहमीसारखी चेष्टा केली नाही.

गावी पोचल्यावर तो कितीतरी दिवस नुसता झोपून होता. एका सकाळी शीलाने परसात माडाचं रोप आणून ठेवलं आणि कुदळ त्याच्यापुढे धरली.

"तूच लाय," तो ओट्यावरून न हलता म्हणाला. "मी बगतंय."

शीला हसली आणि तिने स्वतःच खड्डा घ्यायला सुरुवात केली.