ओल्या दोराचे वजन

विहिरीसाठी दोर कोणता घ्यावा, बादली केवढी असावी, असे आळीतले लोक मला अधूनमधून विचारतात. मी जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलणारा माणूस, तेव्हा वस्तू पारखूनच घेत असणार, असा त्यांचा समज आहे. मी थोडक्यात उत्तर देतो. पूर्ण द्यायचे तर माझा मूर्खपणाही त्यात सांगावा लागतो. पण आता दरवेळी तो भाग गाळून सांगायचाही कंटाळा आला आहे, म्हणून एकदा सगळे लिहून ठेवतो.

आम्ही समुद्रपूरला दोन खोल्यांत राहतो. विहीर घरापासून एकशे साठ पावलांवर आहे, अकरा घरांची मिळून एक. दिवाळीत पाणी चोवीस हात खाली असते, चैत्रात बत्तीस. तेव्हा विहिरीवर चाक नव्हते. काठावर वाकून, हाताखाली हात घेत बादली वर ओढायची, गुंडात, म्हणजे घागरीत, ओतायची आणि गुंड डोक्यावर घेऊन घरी यायचे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर बायको ओट्यावरून घसरली आणि तिचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्याने तो बसवला, पण वर्षभर या हाताने ओझे ओढायचे नाही असे बजावले. पाण्याचे काम थोरल्या मुलीवर आले. ती तेरा वर्षांची, सातवीत होती. धाकटी दोघे अजून लहान होती. तिची शाळा साडेसातला भरे. जिनाचा पहिला भोंगा सहाला होई, त्याला मी घराबाहेर पडे आणि ती विहिरीवर जाई.

महिनाभराने शाळेतल्या बाईंची चिठ्ठी आली. मुलगी महिन्यात अकरा दिवस उशिरा आली होती. असेच चालले तर सातवीच्या फायनल परीक्षेला तिचे नाव पाठवता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. फायनल पास झाली तर तिला पुढे मास्तरीण होता आले असते. नाही झाली, तर आमच्या घरात मुलींचे जे होत आले तेच झाले असते. मुलीने चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि चूल पेटवायला गेली.

मी कागद आणि पेन्सिल घेतली.

सकाळचे पाणी एकशेवीस शेर लागे. आमची बादली आठ शेरांची, म्हणजे पंधरा खेपा ओढाव्या लागत. बारा शेरांची बादली घेतली तर दहाच. पाच खेपा वाचल्या की मुलगी साडेसातच्या आत शाळेत, असा माझा सरळ हिशेब होता. दुसरे म्हणजे सनाच्या, म्हणजे तागाच्या, जुन्या दोराने तिचे तळवे सोलले होते. तेव्हा दोर मऊ हवा, म्हणजे सुती. बाजाराच्या दिवशी मी दोन्ही घ्यायला गेलो.

दोर विकणारा म्हातारा जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्यात पीळ धरून होता.

"विहिरीसाठी सुती दोर दाखवा, चाळीस हात," मी म्हणालो.

"विहिरीले सन न्या, साहेब. सुताचा दोर झुल्याले चांगला."

मी त्याच्याच तागडीत दोन्ही दोर तोलून घेतले. सुती दोर तीन शेर भरला, सनाचा सव्वातीन. "तुमचा सन पाव शेर जास्त आहे," मी त्याला दाखवून दिले.

"मंग न्या," तो म्हणाला. "तागडी तुमच्याच बाजूनं बोलून राह्यली."

दोर आणि बारा शेरांची बादली घरी आणली आणि जुना सनाचा दोर कापून त्याची कपडे वाळत घालायची दोरी केली, एक तुकडा बकरीला बांधला. कोणतीही नवी वस्तू चालते की नाही हे पाहिल्याशिवाय जुनी मोडू नये, ही पहिली गोष्ट. ती मी अशी शिकलो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मुलीला विचारले, "किती वेळ लागला?"

"आज थोडा जास्त लागला, बाबा. नवा दोर हाये ना. सवय होईल."

चार दिवसांनी तिच्या तळव्यांवर फोड दिसले. दहा खेपांना पंधरांपेक्षा जास्त वेळ लागत होता, कारण प्रत्येक खेपेनंतर ती काठावर टेकत होती. हे मला तिने सांगितले नाही, शेजारच्या म्हातारीने सांगितले. माझा हिशेब कागदावर बरोबर होता, त्यामुळे दोष कुठे आहे हे मला समजेना. मग मी ठरवले की दोष ओढण्याच्या पद्धतीत आहे, विहिरीला गडगडी पाहिजे. लोहाराकडून लोखंडी चाक करून घेतले, आळीत विचारून दोन खांब रोवले, वर आडवे लाकूड टाकले आणि चाक बसवले. वाकण्याची गरज उरली नाही. सगळ्यांनी चांगले म्हटले.

तिसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा उशिरा.

"आता काय झालं?"

"बाबा, गडगडी आपली हाये, पन माहा नंबर आठवा लागला."

चाक नव्हते तेव्हा चार बाया चार बाजूंनी पाणी ओढत. आता अकरा घरांना त्या एका चाकावरच ओढायचे होते. अकरा घरे आणि एक चाक, एवढे साधे गणित मी मांडलेच नव्हते. मी संध्याकाळी विहिरीवर गेलो आणि चाक मी बसवले आहे, तर सकाळचा पहिला नंबर आमच्या मुलीचा असावा, असे सुचवले.

शेजारची म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भाऊ, या विहिरीचे गोटे माह्या सासऱ्यानं वाह्यले. मंग पयला नंबर गोट्याचा का चाकाचा?"

बाया हसल्या. मी परत आलो.

जेवताना मी बायकोला म्हणालो, "दुसरं एक चाक करून घ्यावं म्हणतो."

ती डाव्या हाताने वाढत होती. भाकरी माझ्या ताटात टाकून ती म्हणाली, "अजी, सगळं तोललं तुमी. बादली तोलली, दोर तोलला. आपले दोन हात तेवढे तोलाचे राहून गेले."

"मला सहाच्या भोंग्याला जावं लागतं," मी म्हणालो.

"सहाच्या अगुदर पाच वाजत नाई का?"

मुलगी खाली पाहून जेवत होती. खरे कारण भोंगा नव्हता, हे त्या दोघींना ठाऊक होते आणि मलाही. विहिरीवर बाया पाणी भरत. घरात धडधाकट मुलगी असताना बापाने गुंड घेऊन तिथे उभे राहणे आमच्याकडे कोणी करत नव्हते. मी दोन आठवडे बादल्या, दोर आणि चाके यांत जे डोके घातले, ते मुख्यतः ही एक गोष्ट टाळण्यासाठी घातले.

दुसऱ्या दिवशी शुक्र चांगला वर असताना उठलो. अंधारात गेलो, कारण कोणी पाहू नये. बादली सोडली, भरली आणि ओढायला लागलो. पहिली खेप ठीक गेली, तिसरीला दंड भरून आले. सहावीला मी काठावर टेकलो, जिथे मुलगी टेकत असे. दिवसाकाठी मी शेकडो मण कापूस तोलतो, पण गाठोडी काट्यावर चढवणारे हमाल वेगळे. मी फक्त आकडा वाचतो.

त्यातच चाक किंचाळू लागले. म्हातारी काठी घेऊन बाहेर आली. "कोन हाये रे? पानी चोरून राह्यला का?"

"मी आहे, आजी."

तिने जवळ येऊन निरखून पाहिले. मी बोलणी खाण्याच्या तयारीत होतो. ती म्हणाली, "काऊन, पोरीच्या हाताले काय झालं हे आता समजलं का? भर, भर. पन त्या चाकाले तेल घाल आंधी. साऱ्या आळीले उठवलंस." पहिल्यांदाच तिने मला अरेतुरे केले, आणि त्यात मला बरेच वाटले.

त्या दिवशी मी एक काम केले. तो दोर निथळवून, पोत्यात गुंडाळून जिनात नेला आणि गाड्या काट्यावर यायच्या आधी तोलला. तीन शेरांचा दोर सव्वापाच शेर भरला. सुताने सव्वादोन शेर पाणी पिऊन ठेवले होते. बादली रिकामी सव्वातीन शेर, त्यात पाणी बारा, वर हा दोर: प्रत्येक खेपेला साडेवीस शेर. त्यातले प्यायच्या कामाचे बाराच. बाकी साडेआठ शेर ती पोर रोज दहा वेळा फुकट ओढत होती.

संध्याकाळी हे आकडे मी बायकोला सांगितले. ती ऐकत राहिली आणि मग हसू लागली. खांदा दुखतो म्हणून एका हाताने तो धरून हसत होती.

"लोकाच्या कापसावर पानी मारलं तं तुमाले दहा पावलावरून दिसते. वजन कापता, भांडनं करता. अन घरचा दोर सुताचा हाये, हे नाई दिसलं?"

ओला कापूस ओळखणे हीच माझी नोकरी. शेतकरी गाडीवर पाणी शिंपडून आणतो आणि मी मूठ दाबून सांगतो, इतके शेर कमी धरा. दोराला मी मूठ लावून पाहिली नव्हती, कारण तो ओढणारा मी नव्हतो.

पुढच्या बाजारात मी पुन्हा त्या म्हाताऱ्यापुढे उभा राहिलो.

"काय साहेब, झुला बांदला का?"

"सनाचा द्या. पण आधी भिजवून तोलायचा आहे."

"भिजवून?" त्याने शेजारच्या दुकानदाराला हाक मारली. "आयक बा, हे दोर भिजवून घेतेत. उद्या बैल बी भिजवून घेतीन."

पण त्याने दोर बुडवू दिला. सव्वातीन शेरांचा सन चार शेर भरला. ओला झाल्यावर तो थोडा आखडला, पकडायला खरखरीत राहिला, पण हातातून सरकत नव्हता. फोड सरकण्याने येतात, खरखरीतपणाने केवळ सोलते. हे दोन्ही मी स्वतःच्या तळव्यांवर ताडून पाहिले आहे.

आठ शेरांची जुनी बादली पुन्हा काढली. पंधरा खेपा, पण हलक्या, मध्ये न टेकता. दोराचे माप घ्यायचे ते चैत्रातल्या पाण्यापर्यंत, वर आठ हात जास्त. गाठ बादलीच्या कडीला दुहेरी मारायची आणि दुसरे टोक खांबाला बांधायचे. चाकाला आठ दिवसांनी गाडीचे वंगण. काम झाल्यावर दोर वेटोळे करून ओट्यावर टाकायचा नाही, खुंटीवर पसरून वाळवायचा, नाहीतर आतून कुजतो. लोक विचारतात ते एवढेच. विकत घेताना ज्याला ती वस्तू रोज वापरायची आहे त्याच्या हातात द्यावी आणि त्याच्या तोंडाकडे पाहावे, हे मी त्यांना सांगत नाही. ते कोणी ऐकत नाही. मीही ऐकले नसते.

अंधारात जाण्याचा उपयोग फार दिवस झाला नाही. चार दिवसांत आळीला कळले. बाया मला पाहून पदर सावरत आणि म्हणत, "भाऊजी आले, द्या त्याइले नंबर." जिनात मुनीम सगळ्यांसमोर म्हणाला, "मापारी आजकाल पाण्याले जाते म्हणतेत. घरी कोणी नाई का?" मी म्हणालो, "आहे. ती शाळेत जाते." त्यावर तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाला. त्या हंगामात माझी पाठ रोज दुखत असे आणि काट्यासमोर उभा असताना डोळे मिटत. एका सकाळी मी झोपेच्या भरात एकेरी गाठ मारली, बादली सुटून तळाला गेली आणि गळ टाकून काढीपर्यंत उजाडले. राहिलेले पाणी मुलीला भरावे लागले. तेवढा एक दिवस तिला उशीर झाला.

माघात बाईंची दुसरी चिठ्ठी आली. मुलीने ती चुलीजवळ उभी राहून वाचली. नाव पाठवले होते. बायकोला वाचता येत नाही. तिने चिठ्ठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारले, "याच्यात आपल्या पोरीचं नाव कोनतं हाये?" मुलीने बोट ठेवून दाखवले. बायकोने तिथे बराच वेळ अंगठा ठेवला. मग मला म्हणाली, "तुमी झोपा थोडे. उद्या शुक्कर निंगाच्या अगुदर उठा लागते."

मुलगी आता वर्ध्याला आहे, मास्तरणीचे शिक्षण घेते आहे. बायकोचा खांदा पूर्ण बरा झाला नाही, तिला हात डोक्याच्या वर नेता येत नाही. त्यामुळे विहीर माझ्याकडेच राहिली. दोर तोच आहे. बादलीकडची नऊ-दहा हात लांबी विरून बारीक झाली आहे. ती रोज बुडते आणि चाकावरून ओझ्यासकट जाते. खांबाकडचे टोक जवळजवळ नवेच आहे. दोर उलटा करून बांधला तर आणखी एक हंगाम निघेल. तसे करायचे म्हणून आठ दिवस झाले. आज पुन्हा खुंटीवरून काढला, पाहिला आणि परत टांगला. उद्या करीन.