बोरन्हाणाचा तो एक तास

दुपारच्या इंजेक्शनची गुंगी चढते, तशा प्रा. विनया पटवर्धन यांच्या खोलीच्या भिंती सैलावू लागतात. उद्या सकाळी त्यांचा डावा खुबा बदलायचा आहे. वय बावन्न, खुबा मात्र, एक्स-रे पाहणाऱ्यांच्या मते, ऐंशीचा.

खाटेच्या पायगती आई बसली आहे. तिला जाऊन नऊ वर्षे झाली, याचे दोघींनाही विशेष वाटत नाही.

"माझ्यामुळेच गं हे," आई म्हणते.

खोलीचे स्वयंपाकघर होते. हलव्याचे दागिने ल्यालेली दहा महिन्यांची विनया पाटावर आहे. जन्मतःच निखळलेला खुबा बसवायला तीन महिने प्लास्टर झाले. आता पाय फाकवून ठेवणारा पट्टा. पट्ट्यासकट पाटावर बसवता येईना, म्हणून बोरन्हाणापुरता आईने तो सोडला. घड्याळी एक तास. पुढे पाय आखूड राहिला, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर शेरा मारला: आईचा हलगर्जीपणा. आज त्यांच्या नावाचे सभागृह आहे. आईच्या नावावर तेवढा शेरा.

"त्या तासानं काही झालं नाही, आई. प्लास्टरमध्ये मांड्या अतोनात फाकवल्या होत्या, हाडाचा रक्तपुरवठा तिथंच तुटला. पट्ट्याच्या आधीच्या फिल्मवर दिसतंय. डॉक्टरांनाही दिसत होतं."

"तुला कधी कळलं?"

"गेल्या महिन्यात."

"आणि तोवर?"

स्वयंपाकघराचा वर्ग झालेला असतो. फळ्यावर विनयाबाईंचेच अक्षर: कावळा बसायला आणि फांदी मोडायला. हा तर्कदोष त्यांनी एकतीस वर्षे शिकवला. फक्त त्या शेऱ्याखालच्या सहीला, तिच्यामागे पदव्या होत्या म्हणून, सूट दिली. आई पदर सावरून पहिल्या बाकावर बसली आहे.

"तोवर त्यांचंच खरं धरलं. तुला बोलूनही दाखवलं."

"नुसतं बोलून? दर संक्रांतीला! माझ्या हातचा तिळगूळ तोंडात टाकून!"

"चुकले, आई."

"एवढी शिकलीस ती कशाला मग?" आई हसते. "बरं, पाय दे इकडे. उद्या परक्यांच्या हाती जायचाय."

ती डोळ्यातले काजळ बोटावर घेते आणि तळपायाला टेकवते.

"मॅडम?" सिस्टर पांघरूण सारत असते. "ही खूण कुणी केली? ऑपरेशनच्या पायावर खूण करायला सर तर संध्याकाळी येणार आहेत."

डाव्या तळव्यावर वाटाण्याएवढा काळा ठिपका आहे, कडेला किंचित फिसकटलेला. सिस्टर स्पिरिटचा बोळा घेते.

"राहू द्या," विनयाबाई म्हणतात. "बरोबर पायाला आहे."