सोवळ्याआधीच्या उड्या

आमचा व्यवसाय बसून करायचा आहे. नाशिकला येणाऱ्या लोकांची श्राद्धं, अस्थिविसर्जनं, शांती करून देणं हे आमच्या घरातलं पिढीजात काम. सकाळी गोदाकाठी पाटावर मांडी घातली की दुपारपर्यंत ती सुटत नाही. मधे दोन-तीनदा चहा होतो, पुढे यजमानाकडचं जेवण, बरेचदा गोडाचं. पंचेचाळिशी ओलांडेपर्यंत माझं पोट माझ्याआधी पाटावर बसू लागलं होतं, आणि त्यात मला काही वावगंही वाटत नव्हतं. गुरुजी म्हटला की थोडा भरलेलाच असायचा, असं लोकही धरून चालतात.

मग एका यजमानांनी वणीच्या गडावर पूजेला नेलं. वर जायच्या ट्रॉलीला मोठी रांग होती. ते म्हणाले, "पायऱ्यांनीच जाऊ, गुरुजी." निम्म्या वाटेवर माझा दम संपला. यजमानांची आई सत्तरीच्या पुढची, हातात काठी. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "बसा, गुरुजी. मी पण बसते. घाई कुठे आहे?" ती दमलेली नव्हती, मला बरं वाटावं म्हणून बसली होती, हे मला स्पष्ट दिसत होतं.

वर पोचून मी संकल्प सांगायला घेतला. संकल्प म्हणजे एक लांबलचक वाक्य असतं. कुठल्या देशात, कुठल्या काळी, कोण, कशासाठी पूजा करतोय, ते सगळं त्यात येतं. वडिलांनी मला ते एका दमात म्हणायला शिकवलं होतं. त्या दिवशी ते ठिकठिकाणी तुटलं. यजमान मान खाली घालून बसले होते, त्यांना कळलंही नसेल. मला मात्र फार लागलं. पोट वाढलं तर धोतर सैल नेसता येतं, पण आवाजावर तर माझं पोट चालतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती सातपूरला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते, आणि माझ्यापेक्षा कमी बोलते.

"डॉक्टर वर्षभर सांगतायत, चालायला जा म्हणून," ती म्हणाली.

"सकाळी लोक यायची वेळ, संध्याकाळी आरती. जाऊ कधी?"

"मग दोरीवरच्या उड्या मारा. दहा-पंधरा मिनिटांत काम होतं, घराबाहेर पडायला नको."

मला ती चेष्टा करतेय असं वाटलं. पण तिचं बालपण हरसूलला गेलेलं, वडील तिथे शिक्षक. शाळेच्या मैदानात दोरीवर तिच्याइतकं कोणी टिकत नसे, हे मी सासरच्या माणसांकडून अनेकदा ऐकलं होतं. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी रक्तदाब बघितला, गुडघे दाबून बघितले आणि म्हणाले, "हळूहळू वाढवा. एकदम पैलवानकी नको."

गावातल्या द्वारका चौकाजवळच्या खेळाच्या दुकानातून दोरी आणली. दुकानदारानं ती पायाखाली धरायला लावली आणि दोन्ही मुठी वर ओढल्या. त्या काखेपर्यंत आल्या पाहिजेत म्हणाला. माझ्या कानापर्यंत येत होत्या, म्हणून दोरी आखूड करून दिली. बायकोनं बूटही घ्यायला लावले. आयुष्यभर चपला आणि अनवाणी एवढंच जाणणाऱ्या माझ्या पायांना ते बूट पहिले काही दिवस परके वाटले.

मागच्या अंगणात, तुळशीच्या पलीकडे, जरा मातीची जागा आहे. पहाटे तिथे उभा राहिलो. पहिल्या उडीला दोरी डोक्यात बसली, दुसऱ्या उडीला पायात. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. थोड्या वेळानं बाहेर आली.

"तुम्ही विहिरीतून पाणी शेंदताय," ती म्हणाली. "खांदे कशाला हलवता? कोपरं अंगाशी धरा आणि नुसतं मनगट फिरवा."

"आणि उडी?"

"बोटभर. दोरी खालून जाईल एवढीच. तुम्हाला भिंत ओलांडायची नाहीये."

मग तिनं माझ्या हातातून दोरी घेतली, साडीचा पदर खोचला आणि उड्या मारायला लागली. दोरी दिसत नव्हती, फक्त जमिनीला लागल्याचा बारीक आवाज येत होता. आमच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती आणि मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. थांबली तेव्हा तिला जरासा दम लागला होता आणि चेहरा खुलला होता. ती दोरी माझ्या हातात देऊन डबा भरायला आत गेली.

तिनं मला आधी दोरी पायाखालून न घेता शिकवलं. दोन्ही मुठी एका हातात धरायच्या, दोरी बाजूला फिरवायची आणि ती जमिनीला लागली की उडी मारायची. हे मला पटकन जमलं. लय हा आमचा रोजचा विषय आहे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळत आम्ही तासन्‌तास म्हणतो. पायाला तेच सांगायचं होतं. ज्या सकाळी दोरी माझ्या पायांखालून सलग जात राहिली, त्या सकाळी मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

अर्थात लगेच अति केलं. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या इतक्या दुखल्या की पाटावरून उठताना यजमानाला हात द्यावा लागला. बायकोनं दोन दिवस दोरी कपाटात ठेवली. नंतर थोड्या उड्या, मग विश्रांती, परत थोड्या उड्या असं बसवून दिलं. ते मी अजून पाळतो.

हे सगळं मी लपूनच करत होतो. सोवळ्यातला माणूस हाफपँट आणि बुटांत कोणाला दिसू नये, एवढीच इच्छा. पण एका सकाळी अंगणाचं दार वाजलं आणि उघडलंही. दिंडोरीकडचे एक शेतकरी नवराबायको होते. ठरलेल्या वेळेच्या बरेच आधी आले होते. नवऱ्याच्या हातात लाल फडक्यात बांधलेला कलश होता.

"गुरुजी हायेत का घरात?"

"मीच," मी म्हणालो. दोरी हातात, घाम गळतोय.

त्यांनी मला बुटांपासून वरपर्यंत पाहिलं. मी म्हणालो, "दहा मिनिटं द्या, आंघोळ करून येतो."

"चालू द्या तुमचं," ते म्हणाले. "आमाला घाई नाय. आईला बी आता कुठं घाई हाय?"

त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं. मी दोरी ठेवली, आंघोळ केली, सोवळं नेसलो आणि त्यांना घेऊन नदीवर गेलो. विधी नीट झाला. संकल्प मी सावकाश आणि सलग सांगितला. त्यांनी माझ्यामागून एकेक शब्द म्हटला. कलश रिकामा करताना मी खालून हात लावला.

नंतर पायऱ्यांवर बसून पाय पुसताना ते म्हणाले, "गुरुजी, त्या दोरीत पाय नाय आडकत?"

"अडकतो. रोज अडकतो."

"मंग?"

"मग परत सुरू करायचं."

"आईनं तुमाला तसं पायलं असतं तर लय हासली असती," ते म्हणाले, आणि त्या सकाळी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांची बायकोही हसली आणि मग पदरानं डोळे पुसू लागली.

त्यानंतर मी लपणं सोडलं. एखाद्या माणसाला अशा दिवशी माझ्या उड्यांनी थोडं हसवलं असेल, तर सोवळ्याला त्याची अडचण व्हायचं कारण नाही.

आता माझा चुलतभाऊ येतो. तोही हेच काम करतो आणि माझ्याहून बराच भारी आहे. आधी महिनाभर त्यानं माझी थट्टा केली, मग एकदा हळूच विचारलं, "मला जमेल?"

"जमेल," मी म्हणालो. "पण आधी डॉक्टरांना विचार, आणि पहिला आठवडा दोरी हातात धरायची, पायाखाली नाही."

तो खांदे हलवतो. मी त्याला कोपरं अंगाशी घ्यायला सांगतो आणि खिडकीतून बायको आम्हा दोघांनाही सांगते. सुट्टीच्या दिवशी ती स्वतः बाहेर येते, तेव्हा आम्ही बाजूला होऊन तिला जागा देतो. गेल्या आठवड्यात त्यानं पहिल्यांदा सलग चार-पाच उड्या मारल्या, तुळशीच्या कट्ट्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "चहा टाकायला सांग."

मी त्याला आधी पाणी दिलं.