कॅमेरेवाले चाचा आणि अकरा दिवस

कॅमेरेवाले चाचा बिघडलेल्या वस्तूला हात लावायच्या आधी ती आणणाऱ्याची उलटतपासणी घ्यायचे. चंद्रपूरच्या बाजारात एका बोळात त्यांचं दुकान. गिऱ्हाईक घाईत असो की रडकुंडीला आलेलं असो, आधी स्टुलावर बसवायचे. "मशीन काय म्हणते ते मी पाहतो. तू काय केलं ते सांग," हा पहिला प्रश्न. लोक वैतागायचे. मीही वैतागले होते, आणि त्यांच्याशी खोटंही बोलले होते.

मी तेव्हा मोहर्लीपासून आत असलेल्या एका गावात वनरक्षक म्हणून नवीनच लागले होते. मोहफुलाचे दिवस. पहाटे फुलं वेचायला गेलेल्या एका सुनेला वाघाने मारलं. त्या भागात तीन वाघ फिरत होते, त्यातली एक बछड्यांची आई. नेमका कोणता, हे पट्ट्यांवरून कळल्याशिवाय पकडायची परवानगी मिळणार नव्हती. बायका घरात बसून राहिल्या, तर वर्षाची फुलं झाडाखालीच सडणार. गावाबाहेरच्या वाघोबाच्या दगडाजवळून वाघाची वाट जाते, म्हणून तिथल्या झाडाला मी कॅमेरा बांधला. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा. आमच्या वाट्याला तो एकच आला होता.

सकाळी पाहिलं तर दिवसाचे फोटो झकास. गाई, वानरं, पाणी घेऊन जाणाऱ्या बाया. रात्रीचे सगळे काळेकुट्ट. खाली वेळ छापलेली, वर काही नाही. म्हणजे कुणीतरी समोरून गेलं होतं आणि आम्हाला दिसलं नव्हतं. मी कॅमेरा झाडावरून काढला आणि चंद्रपूरची बस धरली.

चाचांनी सेल बदलले, फ्लॅशच्या तारा तपासल्या, मागच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन दहा फोटो काढले. दहाच्या दहा लख्ख. "इथी तं मस्त चालते बेटा," ते म्हणाले. "आणायच्या आधी काही केलं काय याले?"

"काई नाई चाचा."

केलं होतं. कॅमेऱ्याच्या कपाळावर, वरच्या काचेवर, कुणीतरी शेंदूर माखला होता. देवाजवळची वस्तू, त्यात नवल काय? पण नमाजी माणसाच्या हातात शेंदराचा डबा कसा द्यायचा, त्यांना कसं वाटेल, असं मनात आलं आणि मी तेलाच्या फडक्याने तो चकचकीत पुसून नेला. त्याच काचेमागे फ्लॅश आहे, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

कॅमेरा परत बांधला. पुन्हा काळे फोटो, पुन्हा शेंदूर, पुन्हा मी पुसला, पुन्हा चंद्रपूरची बस. दुसऱ्या खेपेला चाचांनी आतलं अख्खं सर्किट बदललं. त्यांचं एक होतं, हार मानली की गिऱ्हाइकापेक्षा स्वतःवर जास्त चिडायचे. "चाळीस साल झाले हे काम करून राह्यलो, आन् हा डबा मले येडा बनवते!" म्हणून त्यांनी पेचकस भिरकावला. मग उठून शोधून आणला, पुसला आणि जागेवर ठेवला.

कॅमेरा बांधल्यापासून आठव्या दिवशी वाघाने गावातल्या गुराख्याला मारलं. दोन लेकरांचा बाप. गावाने मला घेराव घातला, "तुमचा कॅमेरा काय शोभेचा हाय काय?" मी चाचांना फोन करून नुसती रडले.

त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि अकराव्या दिवशी दुपारी पिशवी घेऊन बसमधून उतरले. झाडाजवळ गेले आणि थांबले. कॅमेऱ्याच्या कपाळावर आदल्या संध्याकाळचा शेंदूर, बोटभर जाड.

"हे रोजच असते काय?"

"हो."

"पुसून आणत होती?"

"हो चाचा."

"काऊन पण?"

"तुम्हाला... कसं वाटेल म्हणून."

चाचा मटकन मुळावर बसले. "अवं पोरी, गुलालाचे, हळदीचे, नवरीच्या मेंदीचे कॅमेरे येते माह्या दुकानात. मले काय वाटणार होतं?" आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

शेंदूर लावणारी मेलेल्या सुनेची सासू निघाली. संध्याकाळी ती शेंदूर घेऊन आलीच, आम्हाला पाहून लगबगीने पुढे झाली. "त्याले नीट दिसावं म्हनून लावत होती, भाऊ," ती म्हणाली. "माह्या सुनेले कोनं नेलं ते पाहावं त्यानं." आता चाचा हिला सांगणार, की तुझ्या शेंदरानेच फ्लॅश झाकला गेला. चाचा उठले, डोक्यावरची टोपी सारखी केली. "दिसन बाई, दिसन. फक्त काच मोकळी ठेवा, बाजूले लावा. आन् ही तुमच्याच हातानं पुसा." तिने पदराने पुसली. गुराख्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

दुसऱ्या सकाळी फोटोत वाघ होता, एकेक पट्टा मोजता येईल असा. एकटा फिरणारा नर. बछड्यांची आई वाचली, आठवड्यात नर पिंजऱ्यात गेला. ऑफिसात साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून विचारलं, एवढे दिवस का लागले? मी तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, "सर्किटात दोष होता साहेब. माह्याच्यानं ओळखाले उशीर झाला." त्यानंतर ऑफिसचा एकही कॅमेरा त्यांच्याकडे गेला नाही.

मी दुकानात जाऊन म्हटलं, खरं काय ते साहेबांना सांगते. चाचा भडकले. "सांगशीन तं गावभर होईन. म्हातारीच्या कानावर जाईन. ते जगन काय मंग?" पुढे तो विषय त्यांनी काढू दिला नाही. दोन वर्षांनी चाचा गेले. म्हातारीही गेल्या पावसाळ्यात गेली. आता गप्प राहायला माझ्याकडे कारण उरलेलं नाही.

गुराख्याची बायको अजून त्याच गावात आहे. मी गस्तीवर दिसले की हातातलं काम टाकून रस्त्यावर येते, लेकरांना पुढे करते आणि म्हणते, "मॅडमले नमस्ते करा रे. यायनंच तुमच्या बापाचा वाघ धरला."